सव्वा तोळ्याचं काडतूस

बेंबळी, ता. ४ नोव्हेंबर १९८५

चि. लिंबाजीस अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझ्या बायकोच्या कार्डामुळं हे पत्र लिहावं लागतंय. कमल लिहिते की ताटात भाकरी वाळते आणि फौजदारसाहेब ओसरीवर रिव्हॉल्वर उघडून लाकडी काडतुसं भरत बसतात. चिमटीनं दोन-दोन भरायची, की कारखान्यातल्या फिटर ईरण्णानं केलेल्या सहा भोकांच्या चकतीनं एकदम, हेच म्हणे ठरत नाही. चोवीसला उस्मानाबादला निवड आहे आणि राज्याच्या पोलीस स्पर्धेला जिल्ह्यातून एकच जण जाणार. सहा झाडून पुन्हा सहा भरून झाडायच्या, आणि गेल्या साली वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा दुसऱ्या भरणीत तुझ्या रिव्हॉल्वरची दोन घरं रिकामी होती. तेवढ्यानं जागा गेली.

माझं मत चिमटीला. कॉलेजात एन.सी.सी.त मीही नेम धरलाय. घाईत हातात सुटं यंत्र नको. पण मतावर जाऊ नकोस, मोजून बघ. दोन्ही रीतींनी दहा-दहा वेळा, उभं राहून, पट्टा बांधून. फसलेलेही लिही. चुकलेली गणितं खोडून टाकायची तुझी सवय मी विसरलेली नाही.

इथं टँकर दिवसाआड येतो, माझे दोन हंडे भरतात. बाकी ठीक. माया आहेच, आकडे पाठव.

तुझी आत्या,
जाई

उमरगा, ता. ९ नोव्हेंबर १९८५

ती. आत्याबाईंस लिंबाजीचा सा. जयभीम वि. वि.

हेडबाईंचा हुकूम पाळला. चिमटीनं दहाही वेळा नीट भरली, पण नऊ सेकंद लागतात. चकतीनं चार! मात्र दहातून तीनदा एक-दोन काडतुसं चकतीतच लटकून राहिली. नळी जमिनीकडं, चकती बसवलेली, कळ फिरवलेली, तरी खाली पडायचं नाव नाही. ईरण्णा म्हणतो चकती लई नामी झालीय, दोष साहेबांच्या मनगटात आहे. यंदा ऊस नाही, गाळप लांबलंय, लेथ रिकामा. म्हणून तो रोज कानस मारून नवी चकती आणतो.

खरी काडतुसं सरावाला मिळत नाहीत, म्हणून बाभळीची कोरलीत, मापात तंतोतंत. एक नमुन्याला सोबत पाठवतो. सेकंदकाट्याचं घड्याळ घरात नाही. कमल मोठ्यानं आकडे मोजते. जीव चकतीत अडकलाय, पण तीनदा फसली, तेव्हा तुमचंच ऐकावं म्हणतो.

रागवा, पण विसरू नका.

आपला,
लिंबाजी

बेंबळी, ता. १५ नोव्हेंबर १९८५

चि. लिंबाजीस आ. व जयभीम.

चिमटी सोड, चकतीच घे. माझं मत चुकलं, आणि तुझी गोळीही.

लहानपणी पेरणीत मी तिफणीमागं चाड्यात बी सोडायची. पोचट दाणे नळीत अडकायचे, भरलेले सरसर जायचे. तिफण तीच. तू माप घेतलंस, वजन घेतलं नाहीस. इथला जमादार माझाच विद्यार्थी, त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. त्याच्या देखत एक खरं काडतूस सोनाराच्या काट्यावर ठेवलं: सव्वा तोळा. तुझं बाभळीचं पाव तोळाही भरलं नाही. ते आपल्या भारानं पडणार कसं?

लोहाराकडून सहा नवी करून पोटात शिसं ओतून घेतलंय, प्रत्येक सव्वा तोळा. सोबत माझं घड्याळ पाठवते, उसनं. कमल प्रेमानं मोजत असणार. तिच्या एक आणि दोनच्या मध्ये भाकरी भाजून होईल.

ताट गरम असताना जेवत जा.

आत्या, जाई

उमरगा, ता. २६ नोव्हेंबर १९८५

ती. आत्याबाईंस सा. जयभीम वि. वि.

राज्याला मीच जाणार!

तुमच्या शिशावर चकती दहातून दहा वेळा सुटली. घड्याळानं मात्र चारचे साडेपाच सेकंद केले. कमल दोन दिवस माझ्यापुढं घड्याळाचं नाव काढत नव्हती. निवडीला खरी काडतुसं नुसती ओघळली. शिट्टी झाली तेव्हा बारावी गोळी उडून गेली होती. ईरण्णा सगळ्यांना सांगतोय की मनगट अखेर सुधारलं. शिशाची एक गोळी त्यानं आठवण म्हणून ठेवून घेतली. बाकी पाच आणि घड्याळ परत पाठवतोय.

हुकूम येत राहावेत.

लिंबाजी

बेंबळी, ता. ३० नोव्हेंबर १९८५

चि. लिंबाजीस व कमलला आ. व जयभीम.

पत्र दोनदा वाचलं. आता सराव थांबवायचा नाही, आणि कुणीही प्रेमानं मोजायचं नाही.

आत्या, जाई

आज सकाळच्या गाडीनं कमलच्या आईच्या, तुळजाबाईंच्या, हाती दिलं:
शिशाच्या गोळ्या, जुन्या पाच, नवी एक.
मनगटी घड्याळ एक, रोज सकाळी किल्ली द्यावी लागते. कमलला, कायमचं.