मागच्या सीटचा भाव

३ मार्च
जोडसायकल विकायची. ठरलं! कप्तानांच्या गुडघ्याला पेडल कायमचं बंद, डॉक्टर म्हणाले. कप्तान म्हणजे आमचे हे — पुढे बसतात म्हणून. मागे बसून पाय आवरून घ्यायचीही सोय नाही, एक पेडल फिरलं की दुसरं फिरतंच. आणि माझं काय? एकटीची सायकल मला जन्मात जमली नाही. इतकी वर्षं यांची पाठ बघत गावभर हिंडले, आता तेही गेलं. यांना बोलले नाही. आधीच हिरमुसलेत.

५ मार्च
कप्तान वीस हजारांवर अडून बसलेत. आठवणींचे वेगळे धरलेत बहुतेक! सायकल दुरुस्तीवाला हसला. चेन नवी आहे, टायर बरे आहेत, पण आधी एकमेकांशी पटणारी दोन माणसं आणा, म्हणाला. बारा हजार वाजवी. मला पटलं. जुने कपडे दुरुस्त करून देते मी, वापरलेल्या वस्तूचा भाव मला कळतो. कप्तान तोंड पाडून घरी आले.

८ मार्च
नवं लग्न झालेलं जोडपं आलं. काय ती लाडीगोडी! चक्कर मारून परतले तेव्हा बोलणं बंद. दोघांनाही पुढेच बसायचं होतं. सायकल पुन्हा भिंतीला. मला वाईट वाटायला हवं होतं, उलट चार घास जास्तच गेले.

११ मार्च
फिजिओबाई आल्या होत्या. कप्तानांच्या गुडघ्याचे व्यायाम घेतात त्या. लहानपणापासून डोळ्यांनी दिसत नाही. बोटांनीच सगळी सायकल बघितली — हँडल, चेन, मी नवं कव्हर शिवलेली सीट. मग विचारलं, "मागे बसणाऱ्याला दिसतं काय हो?"

"पुढच्याची पाठ," मी म्हटलं.

"मग माझं काही बुडत नाही." खळखळून हसल्या. मला फार आवडल्या.

महिन्यातून एकदा भाऊ येतो, तो पुढे बसेल म्हणाल्या. किंमत विचारली. मी बारा म्हणणार, तोच कप्तान मध्ये — सहा!

खरा भाव त्या दुरुस्तीवाल्याकडून आधीच ऐकून आलेल्या. चेहराच उतरला. "कशाचे कमी केलेत? सायकलचे, की माझ्या डोळ्यांचे?" काठी घेतली आणि निघून गेल्या.

कप्तान ओशाळून बसलेत. "मी चांगल्या मनाने म्हटलं, चांगल्या मनाने म्हटलं" — हेच चाललंय त्यांचं मघापासून. हो, त्या चांगुलपणानेच तर घोळ झाला!

१२ मार्च
दिवसभर एका कोटाची शिवण उसवत होते, डोकं सायकलपाशी. महिन्यातून एका फेरीसाठी त्यांनी बारा का द्यावेत? आणि सहा त्या घेणार नाहीत.

उसवता उसवताच सुचलं. दोघांची सायकल आहे, मग एकाचा वाटा किती? सरळ निम्मा! मागची सीट त्यांची, पुढची आमची. कप्तानांना सांगितलं तर म्हणाले, "आणि पुढे बसणार कोण?"

आणि माझ्याकडेच बघत राहिले. मी? पुढे?

१३ मार्च
गेले फिजिओबाईंच्या दवाखान्यात, कप्तान बाहेर बाकावर. आकडा तोच, पण या वेळी हिशेब सांगितला. त्या म्हणाल्या, टायर-ट्यूबचा खर्चही निम्मा घेणार असाल तर हो. आणि आधी पुढे बसायला शिकून या, पैसे नंतर! पक्क्या आहेत.

परतताना कप्तान त्यांची माफी मागायला एकटेच आत गेले. काय बोलले, मी विचारलं नाही.

२० मार्च
मैदानावर शिकतेय. मागे दुरुस्तीवाला बसतो, कप्तान कठड्यावरून हुकूम सोडतात. दोनदा कुंपणात घातली. कोपर सोललंय. या वयात!

२४ मार्च
आज पडले नाही.

३१ मार्च
पहिली फेरी. समोर पाठ नाही. नुसता रस्ता, केवढा तरी! खड्डा, वळण, गतिरोधक, सगळं मोठ्याने सांगत होते. मागे फिजिओबाई जोर लावत होत्या. चढावर त्यांची हाक आली, "कप्तान, अजून किती?"

हे कुठे आलेत म्हणून मी मान वळवणार होते. मग कळलं, मलाच हाक मारली होती.