यंत्र वाजलं नाही म्हणून

शनिवार, दि. १० जानेवारी
दुपारी पावणेदोन, सुयांच्या टेबलावरून

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद.

पत्राचं कारण आधी सांगते, बाकीचं मागाहून. तू गोळ्या बंद केल्या असशील तर त्या पुन्हा सुरू व्हायला हव्यात, आणि त्यासाठी तुला सोमवारी सकाळी तपासणी केंद्रात जायचं आहे. तुझा फोन लावला तर हा क्रमांक वापरात नाही म्हणतात. बोलावल्याशिवाय माझ्या दारात पाऊल टाकू नकोस, असं तू मला बजावलेलं आहेस. राहिलं पत्र. तेलमामा मशीन दुरुस्तीला तुमच्या कारखान्यात निघालेत, साडेतीनला इथून जातील, उद्या तुझ्या हातात देतील. म्हणजे माझ्याकडे पावणेदोन तास आहेत.

घरी सगळं ठीक आहे. ह्यांचे गुडघे दुखतात आणि ती बातमी ते रोज नव्यानं सांगतात. कारखान्यात तान्ह्या मुलांच्या कपड्यांची मोठी ऑर्डर चालू आहे. कटिंगवाली आहे तशीच, कापडापेक्षा जिभेनं जास्त कापते. मला अजून सगळ्या सुईबाईच म्हणतात, फक्त आता तोंडावर म्हणतात.

परवा, गुरुवारी, टेबलाचा खालचा खण आवरत होते. मागे कोपऱ्यात तुझी डबी होती, खोकल्याच्या गोळ्यांची, पत्र्याची. झाकण सैल झालं होतं. मी आत हात घातला आणि एक मोडकी सुई अंगठ्यात घुसली. चांगली नखापर्यंत. रक्ताचा टपोरा थेंब आला.

बारके, मी काय केलं ते सांगते, हसू नकोस. अंगठा पिळला, नळाखाली धरला, वर डाग काढायचं औषध ओतलं, पुन्हा पिळला. कातडी सोलून निघाली. कुणाला बोलले नाही. संध्याकाळी घरी गेले आणि ह्यांनी चहा ओतला तेव्हा मी म्हटलं, माझा कप वेगळा ठेवा. ते म्हणाले, का? मी म्हटलं, सर्दी वाटतेय. मग मी शिवणाच्या डब्यातला लाल दोरा काढला आणि माझ्या कपाच्या कानाला बांधला, चुकून कुणी घेऊ नये म्हणून.

गाठ मारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की असली गाठ मी आधी एकदा मारलेली आहे.

तो चहा मी ओतून दिला.

काल सकाळी केंद्रात गेले. ओढणीनं तोंड गुंडाळून बाकावर बसले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या घेतल्या, आणि तिथल्या रजिस्टरवर सही करताना माझं मला नाव लिहिता येईना. बाकावरची सगळी माणसं मला गुन्हेगार वाटत होती आणि त्यांना मी तशीच वाटत असणार, असं मला वाटत होतं. तू एकटी जायचीस तिथे, दर महिन्याला. मी कधी विचारलं नाही, सोबत येऊ का म्हणून.

आतली समुपदेशक मुलगी माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची. सर्दीनं नाक लाल झालेलं. मी तिला सगळं एका दमात सांगितलं आणि विचारलं, आता माझे किती दिवस? तिनं विचारलं, सुई कुणाची आणि केव्हाची. म्हटलं, बहिणीची, तिला हा आजार आहे, सुई तीन वर्षांपूर्वीची. तिनं रुमालात शिंकून घेतलं आणि म्हणाली, “काकू, हा विषाणू शरीराबाहेर टिकत नाही हो. तीन वर्षं कोरड्या डबीत पडलेल्या सुईनं तुम्हाला काही झालंच तर धनुर्वात होईल.” लगेच समोरच्या सिस्टरकडे पाठवून धनुर्वाताचं इंजेक्शन देवविलं.

मी एवढ्यावर ऐकणार आहे का? कपाचं विचारलं, टॉवेलचं विचारलं, घामाचं, डासाचं, संडासाचं, एकाच स्टुलावर बसण्याचं. प्रत्येकाला तिनं नाही म्हटलं. रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला. बाकी कशानं नाही. मी म्हटलं, मी जीवशास्त्र घेऊन पदवी घेतलेली आहे. ती म्हणाली, “कधी, काकू?” मी साल सांगितलं. तेव्हा या आजाराचं नावही कुणी घेत नव्हतं. माझ्या हट्टाखातर तिनं रक्तही तपासलं. काही नाही निघालं.

घाबरण्याचं एवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. लाजेनं गप्प बसले असते.

उठता उठता मी तिला म्हटलं, अगदी शहाणपणानं, की तसंही माझ्या बहिणीचा आजार गेलाच आहे. रिपोर्टमध्ये विषाणू आढळला नाही असं लिहून आलंय, मी स्वतः वाचलंय.

तिनं पेन खाली ठेवलं. “गोळ्या चालू आहेत ना त्यांच्या?”

मी हो म्हटलं.

खोटं बोलले, बारके. दारापर्यंत गेले, बाहेरच्या बाकावर बसले, आणि परत आत गेले. रांगेतली एक बाई माझ्या नावानं पुटपुटली. आत जाऊन म्हटलं, ठाऊक नाही. बहुतेक बंद आहेत. मग तिनं मला खुर्चीत बसवलं आणि समजावलं.

तुला आपलं सुई शोधायचं यंत्र आठवतं ना, पट्ट्यावरून कपडे जातात ते? सुईचं टोक अगदी बारीक असेल तर ते वाजत नाही. नव्या मुली मला सांगायच्या, बाई, यंत्र वाजलं नाही, म्हणजे कपड्यात काही नाही. आणि मी त्यांना फैलावर घ्यायचे: यंत्र वाजलं नाही म्हणजे यंत्राला सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून तर आपण सगळे तुकडे जुळवून वहीत चिकटवतो, सही घेतो, आणि मगच नवी सुई देतो. हे मी अठ्ठावीस वर्षं सांगते आहे.

तुझा रिपोर्ट तसाच आहे. गोळ्यांनी विषाणू इतका दाबून ठेवला होता की यंत्राला सापडेना. ही मोठी चांगली गोष्ट होती. त्या स्थितीत माणूस धडधाकट राहतं, शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला आजार देत नाही. पण तो शरीरात लपून असतोच. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत पुन्हा वर येतो. बरा झाला म्हणून रिपोर्ट तसा आला नव्हता. गोळ्या घेत होतीस म्हणून आला होता.

आता ते लिहिते जे मी वर लिहायला हवं होतं आणि टाळलं.

२७ ऑक्टोबरला तू मला त्या रिपोर्टचा फोटो पाठवलास. वर्षभर आपण बोललो नव्हतो. तू लिहिलं होतंस, ताई, तू शिकलेली आहेस, याचा अर्थ काय ते सांग. मी इथेच बसले होते, सुया मोजत. उत्तर लिहिलं: ‘विषाणू आढळला नाही असं लिहिलंय. म्हणजे गेला.’ एवढंच. तुझा लगेच निरोप आला, ‘मग गोळ्या बंद करते, तुझ्या शब्दावर.’ तो मी वाचला. वाचला नाही असं सांगायची सोय मी मनात करून ठेवली होती, पण वाचला. मला तेव्हा काय वाटलं माहीत आहे? सुटलो असं वाटलं. तू आजारातून सुटलीस म्हणून नाही. आता कुणाला काही सांगावं लागणार नाही, म्हणून.

आज पंचाहत्तर दिवस झाले.

तेलमामांना विचारलं, बारकी कशी आहे. म्हणाले, पंधरा दिवसांपूर्वी दिसल्या होत्या, जरा उतरल्यात, खोकत होत्या. त्यांनी ते सहज सांगितलं. मी हातातली सुयांची पेटी खाली ठेवली आणि कागद ओढला.

त्या खोकल्याचं केंद्रात आधी सांग. गोळ्या कधी थांबवल्या तेही खरं सांग, लाजू नकोस, बहिणीनं सांगितलं होतं म्हण. घरात जुन्या शिल्लक असतील तर मनानं सुरू करू नकोस. कोणत्या द्यायच्या ते तिथले डॉक्टर तपासून ठरवतील. मी काल म्हटलं, माझ्याजवळच द्या, मी पाठवते. मुलगी म्हणाली, त्यांना स्वतः जावं लागेल. पण उशीर झालेला नाही, असंही म्हणाली. मी तिच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं.

आणखी एक तुकडा आहे. तोही देऊन टाकते.

तुझ्या आजाराची गोष्ट कटिंगवालीनं पसरवली, असं मी तुला सांगितलं होतं. आपली त्यावरून तिच्याशी केवढी भांडणं झाली. बारके, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तुझे यजमान गेले, तुझा रिपोर्ट आला, आणि पुढच्या आठवड्यात मी तुझ्यासाठी वेगळी वही काढली. सगळ्यांच्या सुया मोठ्या वहीत, तुझ्या एकटीच्या लहान लाल वहीत. वर तुझे तुकडे मी चिकटवलेही नाहीत. हात लावायची भीती वाटली. डबीत टाक म्हटलं. चाळीस बायका रोज या टेबलासमोर रांगेत उभ्या राहतात. त्यांना दिसणार नाही होय? तुझ्या स्टुलावर कुणी बसेना झालं ते माझ्या वहीमुळे. तू गेलीस तीही माझ्या वहीमुळे. आणि आमच्या घरी तुझ्या कपाला तो लाल दोरा, आणि तुझ्यामागोमाग फिनेलची बादली घेऊन जाणारी मी. तू म्हणाली होतीस, ताई, इतकं स्वच्छ बाथरूम राजवाड्यातही नसेल. मी हसले होते. तू हसत नव्हतीस.

आज सकाळी ती डबी मी टेबलावर उपडी केली. सतरा सुयांचे तुकडे निघाले. उघड्या हातानं एकेक जुळवला आणि मोठ्या वहीत, लाल वहीतल्या तुझ्या त्या त्या तारखांच्या पानांवर, बाकीच्यांच्या सुयांशेजारी चिकटवला. कटिंगवाली बघत उभी होती. तिला सांगितलं, तुझ्यावर आळ घेतला तो खोटा होता. ती म्हणाली, “तीन वर्षं लागली बाई तुम्हाला.” चिकटपट्टीचा तुकडा कापून तिनंच हातात दिला.

सोळा सुया पूर्ण जुळल्या. सतरावीचं टोक सापडेना. मग आठवलं, ते माझ्या अंगठ्यात घुसलेलं. परवा उपसून गुंडाळलेलं, खिशातल्या रुमालात होतं. तेही लावलं.

तू मला माफ कर असं लिहिणार नाही. तो तुझा कारभार. रागाचं काय करायचं ते सावकाश ठरव, त्याला मुदत नाही. गोळ्यांना आहे.

सव्वातीन झाले. मामा दारात तेलाचा डबा हलवून आवाज करतायत. ते सोमवारी संध्याकाळी परततील. तुझी सही घेतल्याशिवाय निघायचं नाही, असं त्यांना सांगितलं आहे. सही आली नाही तर मंगळवारी सकाळी मी तुझ्या दारात उभी असेन, बोलावलंस तरी आणि नाही तरी. तुझा नियम मोडण्याची ही पहिलीच वेळ असेल.

तुझ्याकरता रात्रंदिवस भ्यालेली,
ताई

तेलमामांच्या हाती दिलं, शनिवार, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं:

हे पत्र, एक, पाकीट चिकटवलेलं.
केंद्रातल्या मुलीची चिठ्ठी, एक. तुझ्या गावच्या केंद्राचा पत्ता, उघडण्याची वेळ नऊ, मागे तिचा फोन नंबर.
लहान लाल वही, एक, पानं सगळी. फाडायची की ठेवायची ते तू बघ.
तुझा कप, एक. दोरा काढलेला आहे. कालपासून आज दुपारपर्यंत मी त्यातून चहा प्यायले.

देणारी: ताई
घेणारीची सही: