तात्यांचा फ्लेक्स

बारामती, मंगळवार, संध्याकाळ

राग अजून जात नाही. माझी भाची मेधा सदतीसची. खांद्याच्या दुखण्यातून उठून पुढच्या महिन्यात पुन्हा टेनिसच्या स्पर्धांना उतरतेय, आणि माझ्या चुलतभावाने, तात्यांनी, काटेवाडीच्या चौकात तिच्या निवृत्तीचा फ्लेक्स लावला! सत्काराची शालही आणून ठेवली.

"तात्या, ती निवृत्त झाली हे सांगितलं कुणी?"

"आता ह्या वयात काय खेळणार हाय ती? सत्कार येळेवर झाल्याला बरा, ताई."

मी शिक्षिका होते, मलाही शाळेने अशीच वेळेवर शाल घालून घरी बसवलं. तेव्हा गप्प बसले. आज फ्लेक्स उतरवला आणि मेधा सराव करते त्या टेनिस कोर्टावर थेट नेला. तात्या मागोमाग.

धास्ती एकच होती, वाचून पोरीचा धीर सुटला तर? ती तर पोट धरून हसली. फ्लेक्स मागच्या जाळीला बांधून म्हणाली, "मावशी, 'निवृत्ती'वर दहा सर्व्हिस!"

सात बसल्या. आठवीला फ्लेक्स टरकन फाटला.

"हाताला जोर हाय की!" तात्या पुटपुटले. "मग ही शाल?"

मीच घेतली. उद्यापासून सकाळी चेंडू गोळा करायला मी जाणार आहे, आणि कोर्टावर गारठा असतो.