बकरीचं वाचणं

अन् बकरी काय उपाशी मरते का, बा? तूच सांग. तू बोललास तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, आता सुचलं तर तू नाहीस, आणि हे भांडण एकट्यानं भांडायला तशी मजा नाही. तरी भांडतो. तुला आठवत असेल, मालेगावच्या बाजारात चिवड्यासाठी दिलेल्या पैशांचा मी चिवडा घेतला नाही, जहाजाचं चित्र असलेलं एक पातळ पुस्तक घेतलं. परत येताना बंडीत मागं बसून वाचत होतो. तू बैलांकडे बघतच विचारलंस, "पोथी हाये का हे?" मी म्हणालो, नाई. "मंग याची समाप्ती कधी करतेत?" मी म्हणालो, याला समाप्ती नसते, वाचून झालं की झालं. मेडशी येईपर्यंत तू बैल हाकत राहिलास. मला वाटलं विसरलास. मग एकदम म्हणालास, "गाय एका जागी उभी राह्यते, तिथलं सारं खाते, मंग पुढं सरकते. बकरी ह्या झुडपाले तोंड लावते, त्या झुडपाले लावते. तू बकरीवानी वाचतो." आणि बैलाच्या शेपटीला हात लावलास. झालं. तुझं बोलणं असंच असायचं, दुसऱ्याला जागाच ठेवायचं नाही.

तर ऐक. बकरी उपाशी मरत नाही. उलट दुष्काळात गाय आधी बसते आणि बकरी बाभळीवर पुढचे पाय टेकवून वरचा पाला काढते. मी इथं सोलापुरात गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवतो, आमच्या खोलीत सहा जण राहतो, सगळे कुठले कुठले. शाळा तर तुला माहीतच आहे, दुसरी संपायच्या आत मी तिला आणि तिनं मला सोडलं. वाचायला शिकलो ते तुझ्या पोथीवर, तुझं बोट अक्षराखालून सरकायचं त्याच्यामागे डोळे पळवून. इथं शनिवारी गिरणी सुटते तेव्हा फाटकासमोर एक माणूस सायकलला पेटी बांधून उभा असतो. पुस्तकं आठवड्याच्या भाड्यानं देतो. चष्म्याची एक काडी नाही, तिथं सुतळी आहे. पहिल्या वेळी त्यानं विचारलं, काय वाचता? मी म्हणालो, जे असेल ते. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि पाककलेचं पुस्तक दिलं. थट्टा केली असेल. पण बा, आम्ही सहा गडी, ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा खाऊन बसलो होतो आणि मी मोठ्यानं वाचत होतो, दूध मंद आचेवर आटवावे, साय कडेला लावत जावी, निम्मे झाले की साखर घालावी. कुणी हलेना. एक जण म्हणाला, पुन्हा वाच ते साईचं. पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी डब्यातली भाकर काढताना तो मला म्हणतो, "कालची बासुंदी जरा जड झाली."

तेव्हापासून मी त्या माणसाला एकच सांगतो, मागच्या वेळेसारखं नको. त्यालाही त्याचा नाद लागला आहे. मला हुडकून हुडकून देतो. आकाशातल्या ताऱ्यांचं दिलं, तर आम्ही आठवडाभर गच्चीवर माना मोडून घेतल्या. आपल्या खळ्यावर निजून तू जिला खाट म्हणायचास आणि तिचे तीन चोर दाखवायचास, त्या सात ताऱ्यांना पुस्तकात ऋषी म्हणतात. मी दोन्ही सांगितलं, खोलीत चोरांना जास्त मतं पडली. मग एका बाईनं लिहिलेलं प्रवासाचं दिलं, ती हिमालयात डोलीत बसून गेली होती आणि डोलीवाल्यांशी सगळ्या वाटेनं भांडली होती. मग नाटक दिलं, त्यात सोंगं वाटून घ्यावी लागली आणि राजकन्येचं बोलणं आमच्या जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, वाट्याला आलं. मिशीवाला माणूस, गिरणीत त्याच्या आवाजाला सगळे दबकून असतात, तो "सखे, माझे काळीज धडधडते" म्हणताना खरोखर लाजला. कोंबड्यांच्या रोगांवरचं पुस्तकही मी सगळं वाचलं. आमच्याकडे कोंबडी नाही. पण ते सगळं वाचलं, शेवटच्या पानापर्यंत, आणि मला वाटलं की उद्या एखादी कोंबडी समोर आली तर मी तिला तोंडावर सांगू शकेन, बाई, तुला काय झालंय. दर शनिवारी त्या पेटीचं झाकण उघडतं तेव्हा मला जो आनंद होतो तो दुसऱ्या कशानंही होत नाही. बाजारातल्या मिठाईनं नाही, गिरणीच्या सुट्टीच्या भोंग्यानंही नाही. पुढं काय निघेल ते माहीत नसतं. तुझ्या पोथीत तर ते सगळ्या गावाला आधीच माहीत असायचं.

पण एक गोष्ट मात्र मी तुझीच उचलली, हे नाकबूल करता येत नाही. आम्ही वाचतो ते तुझ्या पद्धतीनं. पुस्तक पाटावर ठेवतो, जमिनीवर नाही. वाचणारा भिंतीला टेकत नाही. आणि तुझ्याजवळ अर्थ सांगायला एक म्हातारे पाटील बसायचे तसा आमच्यात एक म्हातारा विणकर आहे, तो मागायच्या आत अर्थ सांगतो. पुस्तकात असतं, "दार उघडे होते." तो म्हणतो, "म्हणजे बघा, लावलेलं नव्हतं." सगळे माना डोलावतात. आणि तुझा तो नियम, अशुभावर थांबू नये. कुणी मेलं, कुणाला वनवास झाला, कुणाचं लेकरू हरवलं, तर तिथं पोथी बांधायची नाही, चांगलं काही येईपर्यंत पुढं वाचायचं. मला ती श्रावणातली सकाळ आठवते. मारुतीच्या देवळात तू वाचतोयस, राजा रणात पडतो, माणसं निंदणाला जायची म्हणून चुळबुळ करतात. तू वर बघत नाहीस. दोन अध्याय पुढं जातोस. गाई दावणीला हंबरतायत, आई देवळाच्या पायरीशी येऊन उभी राहते आणि म्हणते, "कवा उठनार हाये तुमी?" तू चष्म्यावरून तिच्याकडे बघतोस आणि म्हणतोस, "राजा मेला तं घरी येऊ का मी? त्याच्या पोराचं लगन लागू दे." आई तिथंच पायरीवर बसली. लग्न लागलं तेव्हा तिनंच पहिल्यांदा अक्षता म्हणून चार ज्वारीचे दाणे टाकले, पदरात होते ते.

आता गेल्या रविवारचं सांगतो, म्हणून तर लिहायला बसलो. मामा आला होता. त्याचा बैल बरा झाला म्हणून तुळजापूरला नवस फेडायला आला आणि परतताना मला भेटायला वाट वाकडी केली. संध्याकाळची गाडी होती. दुपारी जेवून आम्ही नेहमीसारखे बसलो. त्या आठवड्याचं पुस्तक खुनाचं होतं, एक सावकार मारला जातो आणि एक गुप्तहेर मारणाऱ्याला हुडकतो, असलं. मामा कोपऱ्यात पागोट्यावर डोकं टेकवून लवंडला. "कायची पोथी हाये हे?" मी म्हणालो, पोथी नाही. "मंग पाटावर काहून ठेवली?" मी वाचायला लागलो. पहिला अध्याय संपला तिथं तिजोरीच्या खोलीत प्रेत सापडलं. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, मामा, आता गावाकडचं सांग. मामा उठून बसलेला. म्हणाला, "इथं थांबला? मुडद्यावर?" मी म्हणालो, तुझी गाडी आहे. "गाडी हाये त्याले अवकाश हाये. तुह्या बापानं कधी असं थांबवलं नाई. चांगलं काही येऊ दे, मंग मिट."

तर बा, पोथी लिहिणाऱ्यांना दयामाया असते, खुनाची पुस्तकं लिहिणाऱ्यांना नसते. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी सावकाराच्या नोकराला विष दिलं गेलं. तिसऱ्याच्या शेवटी गुप्तहेर विहिरीत पडला. विणकर अर्थ सांगू लागला, "म्हणजे विहीर उघडी होती," तर मामा त्याच्यावर खेकसला, "आजोबा, त्याले बाहेर तं येऊ द्या." चौथ्या अध्यायात जरा बरं चाललं होतं, बाग होती, संध्याकाळ होती, मला वाटलं इथं मिटावं, तर शेवटच्या ओळीत झाडामागून सुरा धरलेला हात. मामानं कपाळाला हात लावला. "हा मानूस एकही अध्याय सुखाचा संपवत नाई. ह्याले कोनी शिकवलं नाई का?" ऊन भिंतीवरून उतरून गेलं. जॉबरनं कंदील लावला. स्टेशनवर मामाची गाडी येऊन, उभी राहून, निघून गेली असेल, आम्हाला शिट्टीही ऐकू आली नाही. खुनी सापडला, तो सावकाराचा सख्खा भाऊ निघाला, सावकाराची लेक सुटली आणि शेवटच्या पानावर तिचं लग्न ठरलं. तेव्हा मामा म्हणाला, "हां. आता मिट." आणि खिशातला तुळजापूरचा अंगारा काढून पुस्तकाच्या कव्हराला लावला. पुस्तकवाल्यानं काल तो डाग बघितला. मी सांगितलं, समाप्तीचा आहे. त्यानं कव्हर पुसलं नाही.

भाकर खाताना मामा बोलला ते खरं काम. तू गेल्यावर अर्थवाले पाटीलच पोथी वाचायचे, त्यांची नजर गेली. मागच्या श्रावणात देऊळ मुकं राहिलं. यंदा रिठदचा वाचणारा आणायचं घाटतंय, पण तो नाकात वाचतो आणि घाई करतो, शिवाय एकदा तो परक्या गावचा बसला की तुझी जागा त्याची झाली. गाव म्हणतं, तुझ्या पोराला वाचता येतं, तो काहून येत नाही. मी मामाला म्हणालो, मी बकरी आहे, एकाच पोथीवर महिनाभर मला बसवणार नाही. आणि महिनाभर गेलो तर माझ्या साच्यांवर बदलीवाला उभा राहील, तो चांगला निघाला तर मी परत आल्यावर मला फाटकाबाहेरच ठेवतील. हे खरं आहे, बा, सबब नाही. मामानं ताटलीत हात धुतला. मग म्हणाला, "आज मह्यी गाडी गेली. मी काही बोललो का तुले?"

एवढंच म्हणाला आणि झोपला. सकाळी स्टेशनवर मी येतो म्हणालो, पण एक अट घातली. सकाळी देवळात पोथी वाचीन, तुझ्या जागेवर, तुझ्या चालीत. पण दुपारी, पाऊस असेल आणि माणसं रिकामी असतील तेव्हा, मी पाराजवळच्या पडवीत दुसरं वाचीन. मामानं विचारलं, "दुसरं म्हंजे?" मी म्हणालो, तारे, नाटकं, हिमालय, कोंबड्या. "अन् खुनाचं?" तेही. मामा डब्याच्या दाराशी उभा होता, गाडी हलली तेव्हा म्हणाला, "गावात तं कोनी नाई म्हननार नाई. पन खुनाचं आनशील तं सकाळून सुरू कर, दुपारी नोको. ढोरं उपाशी राहतीन." काल जॉबरकडे महिन्याची रजा मागितली. तो मिशीतल्या मिशीत हसला आणि म्हणाला, बदलीवाला मी आळशी बघून ठेवतो. राजकन्येचे बोल त्याला वाया गेले नाहीत.

पुस्तकवाल्याकडून सराव म्हणून तू वाचायचास तीच पोथी आणली आहे. आता जे सांगतो ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि हा कागद कुठल्या टपालात पडणार नाही म्हणूनच तुला सांगतो. ही एवढीच पोथी मी इतक्या वर्षांत कधी हातात घेतली नव्हती, बाकी सगळं वाचलं. आता घेतली तर दोन पानांत डोळे मिटतात, बा. मला ती आवडत नाही. मला वाटायचं, मला ती आवडते आणि मी तुझ्यावरच्या रागानं टाळतो. तसं नव्हतं. मला तू वाचायचास ते आवडायचं. राजा पडायच्या आधी तू थांबायचास, चष्मा काढायचास, उपरण्यानं पुसायचास, सगळं देऊळ श्वास धरून बसायचं आणि तुला ते माहीत असायचं. काल तिथं मीही थांबलो. चष्मा नाही, म्हणून नुसतेच डोळे पुसले. खोलीतले पाचही जण थांबले आणि विणकरानं अर्थ सांगितला नाही.

देवळातल्या समईला तेल, पाटाला नवं तांबडं कापड आणि पहिल्या दिवशीचा गूळ-खोबऱ्याचा प्रसाद, एवढं आईनं आधी करून ठेवावं म्हणून तिच्या नावानं उद्या मनीऑर्डर करतो. सव्वापाच रुपये.