वाघोबाचं नाव

उंबरमाळी, ता. ३ एप्रिल २०२५

माझ्या गावात येऊन शेजारच्या देवजीच्या मांडवात हळदीचे धवले गाऊन गेलीस, आणि माझी पायरी चढली नायस! फोनवर भांडले की तू कट करतेस, म्हणून कागदावर भांडते.

आता चि. कमळ हिला मोठ्या बहिणीचे अ. आ.

मी दार लावून बसले, पण कान कसे बंद करू? सगळा मांडव रडत होता. जन्मभर इथले धवले मी गायले, तेव्हा याच बाया जांभया देत. तू गायलीस तर पदर डोळ्याला! दुसऱ्या दिवशी मी नळावर गेले तर सगळ्या गप्प. माझी सून रेश्मा तिथे जेवून आली, पण मला काय सांगत नाय. आता नात मनस्वी म्हणते, वैशाखात माझ्या हळदीला कमळआजीच पाहिजे. मी माझ्याच मांडवात पाहुणी होऊन लाडू खाऊ काय? येणार नाय असं तूच तिला कळव.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवू नको.
गोजर

टोकावडे, ता. ११ एप्रिल

ती. गोजरबाय हिला शि. सा. न.

देवजी म्हणाला, तुला दम लागतो, म्हणून मला आणलं. तुझी पायरी चढले नाय ती लाजेनं. दारामागून तू रडणं ऐकलंस, गाणं कोणाचं ते ऐकलं नायस. धवल्यात देवांना नावानं बोलावताना मी सवयीनं टोकावड्याचे देव घेतले. तुमचा गावदेव वाघोबा राहिला. मांडव गप्प झाला गो, नवरीची आई घाबरली. मग कोपऱ्यातून रेश्मानं वाघोबाचं नाव उचललं, तुझ्या चालीत, आणि सगळ्या बाया तिच्यामागे. तेव्हा सगळ्या रडल्या. मी नुसती हळदीची वाटी धरून. त्या जांभया देत होत्या की शिकत होत्या, ते तूच बघ. आमच्याकडे मी चुकले तर कोण उचलणार, डीजे? मी पण जळले, खोटं कशाला सांगू.

तुझ्या शिव्या येत राहू देत.
कमळ

उंबरमाळी, ता. १९ एप्रिल

चि. कमळ हिला अ. आ.

रेश्माला विचारलं. म्हणते, तुमच्यासमोर आमी तोंड उघडायचं कधी? नळावर गप्प होत्या त्या माझ्या भीतीनं. म्हणजे तुझ्याबरोबर आता सुनेवर पण जळायचं आलं. या वयात किती जणींवर जळू?

मनस्वीच्या हळदीला ये. आधी माझी पायरी चढ, मग मांडव. सुरुवात तू कर. वाघोबाचं नाव आलं की गप्प बस. मी पण बसेन, जमलं तर.

लोभ थोडा वाढला तरी चालेल. उत्तर तूच लिहायचं, सुनेकडून लिहून घ्यायचं नाय. आणि मनस्वीच्या नावानं धाडायचं. माझा राग अजून गेला नाय.
गोजर