लेहला न गेलेला कलश

प्रिय दादा,

काल तुम्हाला पोचवून आलो आणि इतक्या दिवसांनी मला नीट झोप लागली. उठल्याउठल्या ते सांगावंसं वाटलं, पण तुमच्याशिवाय सांगू कुणाला? म्हणून लिहायला बसले. मराठीतच लिहितेय. तुम्हाला वाचता येत नसलं तरी ऐकून सगळं कळायचं!

आपलं कामच तसं होतं ना. तुमची सिंधी लिपी मला येत नाही. तुम्ही कथा मोठ्याने वाचायची, हिंदीत समजावायची, मी मराठीत उतरवून परत वाचून दाखवायची. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि मधेच हात वर करायचात. "बेटी, ये अनुवाद लगता है. तुम्हारे गांव चामटोली में कैसे बोलेंगे?" मग तुमच्या बायकोने, अम्मांनी, पापड-पाणी आणून ठेवायचं आणि आपलं भांडण थांबायचं.

तुमच्या कथांतला प्रत्येक म्हातारा मरताना सिंधू मागतो. म्हणून राजूभाईंनी, तुमच्या मुलाने, अस्थी सोडायला लेहची तिकिटं काढली. तिथे सिंधू आहे ना! घर तयारीला लागलं आणि मी अडकले. कारण शेवटची कथा संपली तेव्हा तुम्ही मला म्हणाला होतात, "मेरेको इधरच छोडना, उल्हास नदी में. सारी उमर इसका पानी पिया."

हे मुलाला का नाही सांगितलंत? मी तेव्हाच विचारलं, तर म्हणे, "उसको जिंदगीभर सिंधू सिखाया. अब कौनसे मुंह से बोलूं?" वा रे वा! तुम्ही मोकळे झालात आणि ओझं माझ्या डोक्यावर. अनुवाद करणाऱ्या बाईचं घरच्यांनी का ऐकावं? राग आला होता तुमचा. अजून थोडा आहे.

शेवटी कलश बॅगेत ठेवताना सांगून टाकलं. राजूभाईंनी कलश खाली ठेवला. वाटलं, आता मला दार दाखवणार. पण ते रडता रडता हसायला लागले. "ताई, मुझे वो नदी कभी अपनी लगीच नहीं. बाबा को बुरा लगेगा, इसलिए बोला नहीं." दादा, एका घरात राहून दोघं एकमेकांपासून हेच लपवत होतात?

काल बदलापूरला नदीवर गेलो. काठाला जलपर्णी माजलेली. राजूभाई गुडघाभर पाण्यात उतरले, हाताने ती बाजूला सारली आणि तुम्हाला सोडलं. अम्मा म्हणाल्या, "घर के पास है. कभी भी आ सकते हैं." केवढं हायसं वाटलं सगळ्यांना!

आता एकच काम राहिलंय. आपल्या पुस्तकाच्या पाठीवर तुमची ओळख छापायची आहे आणि प्रकाशकाने 'विस्थापित लेखक' असं लिहून पाठवलंय. प्रत्येक सत्कारात तेच ऐकत तुम्ही निमूट हार घालून घेतलेत. मी तो शब्द काढायला लावणार, भांडावं लागलं तरी. तिथे 'उल्हासनगरचे लेखक' एवढंच छापलं जाईल. हे माझं वचन.

तुमची बेटी,
सुनंदा