गुंजांच्या मोहरा

आप्पा, तुम्हाला जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली, आणि मी आता तुमच्यापेक्षा वयानं मोठी झालेय. तरी दारात जीप थांबली की अजून मी आधी मागचं दार गाठते. का, ते तुम्हाला सांगायला नको. पण थोडं सांगायचं राहिलंय.

सरकारनं चौदा कॅरेटचा कायदा आणला, त्याहून चोख सोन्याचे दागिने घडवायचे नाहीत म्हणून, आणि गुजरीतल्या कितीतरी सोनारांच्या शेगड्या विझल्या, त्यातली एक आपली. तुम्ही रिकामे बसायला लागलात. मी दहा वर्षांची. सोनं तोलायच्या लाल गुंजा डबीत नुसत्या पडून होत्या. तुम्ही त्यांच्या मोहरा केल्यात आणि दुपारचा एक खेळ काढलात. गोष्ट तुम्ही सांगायची, गोष्टीतला सरदार मी. पन्हाळ्याखालचं भुयार, वाटेत नाग, पुढं राक्षस. काय करायचं ते मी ठरवायचं, आणि ते जमलं की नाही हे कवड्या सांगणार. जिंकले की गुंजा माझ्या. पण तुम्ही सोनार ते सोनारच. "शंभर मोहरा म्हंजे सव्वा शेर वजन. घिऊन पळता येतंय व्हय?" असं म्हणून निम्म्या काढून घ्यायचात. उरलेल्या कुठं लपवल्या हे सांगितल्याशिवाय डाव संपायचा नाही. "मिळवायला अक्कल लागत न्हाय, ठेवायला लागती," हे तुमचं पालुपद. मी वहीत लिहून ठेवायचे: चुलीमागं वीस, तुळशीखाली चाळीस. राज्य मनातलं, पण लपवायच्या जागा आपल्याच घरातल्या. दुसरं घर मला कुठं माहीत होतं?

एक जागा मात्र मी लिहिली नव्हती. आजीच्या पाटल्या आटवून तुम्ही आईसाठी नव्या घडवणार होतात. तेवढ्यात कायदा आला आणि सोन्याची लगड तशीच राहिली. सरकारला न कळवता तुम्ही ती ऐरणीच्या ठोकळ्याखाली पुरलीत, तेव्हा मी दाराआड उभी होते. ती सापडली तर तुम्ही कळंब्याच्या तुरुंगात जाणार, हे आईच्या रडण्यावरून मला कळलं होतं.

आणि तरी ती वही मी शाळेत नेली. फुशारकी, दुसरं काय! बाकावरच्या मैत्रिणीला म्हटलं, "आमच्यात मोहरा हायत, ह्ये बघ." चार दिवसांनी भर दुपारी जीप आली. सोन्याच्या खात्याचे दोन साहेब आणि एक शिपाई उतरले, आणि साहेबांनी पहिल्यांदा मागितली ती माझी वही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. त्या बघण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग एक साहेब वाचतोय आणि त्यांचा शिपाई खणतोय. चुलीमागं नुसती राख. तुळस मुळासकट उपटली, आई तोंडाला पदर लावून उभी. काही निघेना, आणि तुम्ही "पोरीचा खेळ हाय, साहेब" एवढंच म्हणत राहिलात, तसा मोठा साहेब चिडला. "खेळ म्हणता ना? मग खेळून दाखवा," म्हणाला आणि नेमका ऐरणीशेजारी, तुमच्या पाटावर बसला. तुम्ही माझ्यासमोर मांडी घातलीत. आवाज तुमचा वाटत नव्हता.

"भुयारातनं भाईर आलीस. पाठीवर सव्वा शेर सोनं हाय. कुठं ठेवतीस?"

मला इतकी भीती आयुष्यात परत कधी वाटली नाही. ऐरणीकडं बघायचं नाही, एवढंच मी स्वतःला बजावत होते, आणि मान तिकडंच वळायला बघत होती. मी कवड्यांवरची नजर हलवली नाही.

"न्हाय ठेवत. लई जड हाय. तिथंच टाकून पळून आले."

साहेब हसला. "पोरगी तुमच्यापेक्षा शहाणी आहे की, सोनार." जीप गेली तेव्हा मी परसात जाऊन ओकले.

तुम्ही मला मारलं नाहीत, बोललाही नाहीत. खेळ तेवढा बंद झाला. आठ दिवसांनी मी ठोकळ्याखाली हात घालून बघितला, तर माती भुसभुशीत आणि लगड गायब. नवी जागा तुम्ही कुणालाच सांगितली नाहीत. आईनं विचारलं की म्हणायचात, "भिंतीला कान असत्यात." तेव्हा खोलीत मी असायचे, आणि भिंत कोण ते मला समजायचं.

सहा वर्षांनी तुमच्या छातीत कळ आली. सकाळची वेळ, डॉक्टर येऊन मान हलवून गेलेले. आई तुमच्या कानाशी वाकली. "अवं, आता तरी सांगा की. पोरीच्या लग्नाला हुईल." तुमचे ओठ हलले. मग पायथ्याशी उभी मी तुम्हाला दिसले, आणि तुम्ही तोंड मिटलंत ते मिटलंत. पुढची पंधरा वर्षं आईनं लोकांचे पापड लाटले. मला एका शब्दानं बोलली नाही. त्यापेक्षा बोलली असती तर मी सुटले असते.

हा कागद मी फाडून टाकणार आहे. त्या सकाळी पायथ्याशी मी रडत होते, ते तुमच्यासाठी असं सगळ्यांना वाटलं. तुम्ही निघालाय हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं, आप्पा. मी फक्त तुमच्या ओठांकडे बघत होते, जागा कळावी म्हणून.